जुन्या हॉट रॉडचा खालचा जोर

फोर्ड कंपनीने 1932 मध्ये सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-आकाराचे इंजिन बसवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी ती गाडी आणखी हलकी केली, इंजिनात फेरफार केले आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर ती पळवली. त्या शर्यतींनी हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांची, परंपरा रुजवली, पण तिच्याबरोबर एक गैरसमजही रुजला, तो असा की शर्यतीत जिंकून देणारे सुटे भाग रस्त्यावरच्या गाडीलाही जोर देतात. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला 1,500 ते 3,000 फेऱ्यांच्या पट्ट्यात असते आणि तिथे हे भाग बऱ्याचदा जोर कमीच करतात.

टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला, पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला, पिळणारा जोर. शक्ती मात्र टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकारातून येते. 1949 च्या मर्क्युरी या फोर्डच्याच गाडीतील 255 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 4.18 लिटरचे फ्लॅटहेड (झडपा ब्लॉकमध्येच असलेले) इंजिन 3,600 फेऱ्यांवर 110 अश्वशक्ती देत असे, तर त्याचा कमाल टॉर्क, सुमारे 271 न्यूटन-मीटर, 2,000 फेऱ्यांच्या आसपासच मिळत असे. 3,600 फेऱ्यांवर तो 218 पर्यंत उतरलेला असे. वेग वाढला की प्रत्येक सिलिंडरला श्वास घ्यायला वेळ कमी पडतो, हे त्यामागचे कारण आहे.

फोर्डच्या 239 घनइंचांच्या इंजिनात मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या वाटचालीचा) क्रँकशाफ्ट बसवणे हा जुना आणि चांगला उपाय आहे. त्याचे श्रेय लोक लांब स्ट्रोकला देतात, परंतु टॉर्क ठरतो तो सिलिंडरांच्या एकूण आकारमानावर आणि त्यांतील सरासरी दाबावर. स्ट्रोक पाव इंचाने वाढून 3.75 वरून 4 इंच झाला की आकारमान साडेसहा टक्क्यांहून थोडे अधिक वाढते आणि दाब तोच राहिला तर टॉर्कही तेवढाच वाढतो.

माझ्या मते खरा निर्णय कॅमशाफ्टचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याचा असतो, आणि त्यातही आत घेण्याची झडप कधी बंद होते याचा. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी ही झडप काही काळ उघडीच असते. जास्त वेगात आत धावणाऱ्या मिश्रणाला इतका संवेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ते आत शिरत राहते, पण कमी वेगात तो संवेग नसल्याने पिस्टन तेच मिश्रण मागे ढकलतो. मर्क्युरीच्या क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या मापांवरून गणित केले, तर तळबिंदूनंतर 45 अंशांवर पिस्टनने आपल्या वाटचालीचा सुमारे 11 टक्के भाग पार केलेला असतो, तर 70 अंशांवर सुमारे 27 टक्के. म्हणजे शर्यतीच्या कॅममध्ये झडप 70 अंशांपर्यंत उघडी राहिली, तर मंद वेगात चतुर्थांशाहून अधिक जागेतले मिश्रण परत जाण्याची वाट मोकळी राहते, आणि दाबण्यासाठी उरते तेवढेच कमी. म्हणून रस्त्यासाठी मूळ कॅम किंवा त्याहून किंचितच पुढचा कॅम निवडावा.

हवेत इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या बाबतीतही मोठे ते चांगले हा समज फसवतो. स्ट्रॉम्बर्ग 97 या प्रसिद्ध कार्ब्युरेटरला दोन नळ्या असून त्यांचा सर्वांत अरुंद भाग 0.97 इंचांचा असतो. मर्क्युरीचे इंजिन 2,000 फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने चालत आहे आणि सिलिंडर 80 टक्के भरत आहेत असे धरले, तर एका कार्ब्युरेटरमधून हवा सेकंदाला सुमारे 59 मीटर वेगाने जाईल. तीन बसवून तिन्ही एकदम उघडले, तर हा वेग 20 मीटरवर येतो. इंधन ओढणारी दाबातील घट वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ती नवव्या हिश्श्यावर येते. इंधनाचे थेंब नीट फुटत नाहीत आणि गाडी अडखळते. तीन कार्ब्युरेटरचा देखणेपणा हवाच असेल, तर मधला आधी आणि बाजूचे दोन नंतर उघडतील अशी टप्प्याटप्प्याची जोडणी वापरावी.

याच हवेच्या इशाऱ्यावर प्रज्वलनही अवलंबून असते, ही गोष्ट सहज सुटते. 1949 ते 1953 च्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-आठचा डिस्ट्रिब्युटर ठिणगीची वेळ केवळ कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या निर्वातावरून पुढेमागे करतो. कार्ब्युरेटर बदलले की तो इशारा बदलतो आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते, म्हणून त्यांच्यासोबत फेऱ्यांनुसार काम करणारा डिस्ट्रिब्युटरही बसवावा लागतो.

फ्लॅटहेडमध्ये झडपा सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे मिश्रणाला हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या छताखालून आडवे वाहावे लागते. शर्यतीसाठी ब्लॉक घासून ही वाट रुंद करत, पण तसे केल्याने ज्वलनकक्ष वाढतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, घटते. कमी वेगात ती वाट अरुंद राहिली तरी फारसे बिघडत नाही, मात्र कॉम्प्रेशनची घट प्रत्येक फेरीला जाणवते. त्यामुळे ब्लॉक जसाच्या तसा ठेवून ज्वलनकक्ष लहान असलेले हेड घ्यावे.

मागच्या एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे एक्सल फिरवणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या, 3.78 ऐवजी 4.11 केले, तर चाकांवरील टॉर्क जवळपास नऊ टक्के वाढतो, पण महामार्गावर त्याच वेगासाठी फेऱ्याही तेवढ्याच वाढतात. इंजिन खालच्या फेऱ्यांवरच जोर देत असेल, तर हलक्या रोडस्टरसाठी (उघड्या छताच्या छोट्या गाडीसाठी) 3.78 पुरेसे आहे.