अंघोळीवरून गेलेला जीव: कळंबा कारागृहामागची पार्श्वभूमी

2 जून 2024, रविवार. कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात अंघोळीवरून वाद पेटला आणि 1993च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याचा जीव गेला. गटारावरचं लोखंडी झाकण डोक्यात घातलं, असं पोलिसांचं म्हणणं. संशयित पाच, आणि पाचही कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा होता.

अशी बातमी आली की कोल्हापुरात चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: "जातीचेच गुंड, दुसरं काय करणार?" मला हे उत्तर पटत नाही. ते खूप जुनं आहे, आणि आपल्या तुरुंगांचा कायदाच त्यावर उभा राहिला.

1894चा कारागृह कायदा उघडला तर कलम 45 मध्ये कैद्यांच्या गुन्ह्यांची यादी सापडते आणि लगेच पुढच्या कलमात शिक्षा: बेड्या, एकांतवास, माफी म्हणजे शिक्षेतली सूट कापणं, फटकेसुद्धा. भांडण झालं का, कशामुळे झालं, पाणी पुरलं होतं का, हे प्रश्न त्या यादीत बसत नाहीत. दोष कैद्याच्या अंगात, एवढं गृहीत धरलेलं. त्याच्याही आधी, 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला होता. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची सरकारी रोजची हजेरी बंद केली, तेव्हा त्यांनी नेमक्या याच समजुतीला हात घातला. तुरुंगाच्या दप्तरातून मात्र ती लवकर गेली नाही. नियमावल्यांमध्ये झाडलोटीचं काम जात बघून द्यायची तरतूद उरली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली 3 ऑक्टोबर 2024 रोजी.

हिंसा आत शिजते की बाहेरून येते, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या एका तुरुंगात बसून निरीक्षण केलेल्या ग्रेशॅम सायक्स यांनी 1958 मध्ये मांडलं की स्वातंत्र्य, वस्तू, शरीरसंबंध, स्वतःचा निर्णय आणि सुरक्षितता ही पाचही हिरावली की कैदी आपली वेगळीच समाजव्यवस्था उभी करतात. चार वर्षांनी जॉन आयर्विन आणि डोनाल्ड क्रेसी म्हणाले, तसं नाही; टोळी, वैर, रस्त्यावरचे कायदे माणूस सोबत घेऊनच गेटातून आत येतो. दोन्ही बाजूंना पुरावे मिळत गेले. वय कमी असलेले कैदी जास्त शिस्तभंग करतात, हे तर अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलं. पण 1971 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात उठाव झाला आणि 43 जणांचे जीव गेले, त्यातले बहुतेक तुरुंग परत ताब्यात घेताना झालेल्या सरकारी गोळीबारात. तिथे कैद्याला आठवड्यातून एकदाच अंघोळ मिळत असे. कळंब्याची बातमी वाचताना मला आधी तेच आठवलं.

मारहाण नेहमी कैदीच करतो असंही नाही. सुनील बात्रा या तिहारमधल्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की भेटीला आलेल्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने म्हणजे तुरुंगरक्षकाने दुसऱ्या कैद्याचा छळ केला. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर 1979 मध्ये निकाल आला: शिक्षा झाली म्हणून मूलभूत हक्क गेटाबाहेर राहत नाहीत.

आता कळंब्याकडे परत. इथल्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांनी वर्षानुवर्षं अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले. ज्याच्या हाताला काम आहे, त्याच्याकडे गमावण्यासारखंही काही असतं: माफीचे दिवस, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल). वागणूक बिघडली की हे सगळं जातं, म्हणून तो भांडणातून बाजूला होतो. कच्च्या कैद्याला यातलं काहीच नाही. सक्तीचं काम नाही, माफी नाही, फक्त पुढची तारीख. भेटीला आई-बाप येतील तर येतील. मुंबई-पुण्याकडून इथे वर्ग झालेल्याच्या घरच्यांना एका भेटीसाठी अख्खा दिवस आणि रोजगार मोडावा लागतो. 2022च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी शंभरातले जवळपास 76 असे कच्चे होते, आणि 100 जणांच्या जागेत सरासरी 131 राहत होते. अशा बराकीत नळ, झोपायची जागा, फोनची पाळी यावर कुणाचा ताबा, हीच सत्ता होऊन बसते.

याहून वेगळा प्रयोग आपल्याच शेजारी झाला होता. औंध संस्थानने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथले राजे पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेने कैदी तिथे तटाशिवाय, शेती करत राहू लागले. ती वसाहत आजही आहे. तिथे जातात ते निवडक पक्के कैदी. कच्च्यांना तो रस्ता नाही.

त्यांच्यासाठी रस्ता निघाला तो कळंब्यातल्या घटनेनंतर महिन्याच्या आत, 1 जुलै 2024 रोजी नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, लागू झाली तेव्हा. तिच्या कलम 479 प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असणारे सोडून. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. कैद्याचा वकील फिरकला नाही, तरी तो अर्ज जायलाच हवा.