धारेचा कोन पाठीत असतो

वडोदऱ्याच्या मांडवी भागातील जुन्या सामानाच्या एका दुकानात गेल्या पावसाळ्यात मला घडीचा एक वस्तरा मिळाला. पाते गंजलेले होते आणि पिवळट, चिकट झालेल्या मुठीला कापराचा वास येत होता. ‘मशीनवर पॉलिश करून घ्या, नवा दिसेल,’ असे दुकानदाराने सुचवले. नेमके तेच करायचे नसते.

आधी त्या वासाचे पाहू. हस्तिदंती भासणाऱ्या अशा मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणाच्या असतात. हा पदार्थ जुना होऊन विघटू लागला की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते. त्यामुळे नुसता मिटून ठेवलेला वस्तराही मुठीत झाकलेल्या भागात गंजतो. म्हणून मी प्रथम खिळा घासून मूठ वेगळी केली. सेल्युलॉइड चटकन पेट घेत असल्याने ते उष्णतेपासून दूरच ठेवावे.

लाल गंज सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून तो तेल लावून बारीक पॉलिश पेपरने हातानेच काढावा. त्याखालचा घट्ट काळा थर मात्र तसाच राहू द्यावा. तो कुरूप दिसेल, पण फारसा उपद्रव करत नाही.

मशीन टाळायचे ते उष्णतेमुळे. पोलाद लालभडक तापवून झटकन थंड केले, म्हणजेच त्याला ‘पाणी दिले’, की कार्बनचे अणू लोहाच्या जालकात, म्हणजे अणूंच्या जाळीदार मांडणीत, अडकून पडतात आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण रचना तयार होते. पुढे सौम्य तापवणीने तिचा ठिसूळपणा कमी केला जातो. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकाच्या घर्षणाची उष्णता पसरायला तिथे धातूच पुरेसा नसतो. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की कडेवर निळी झाक येते, आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते. ते दगडावर परत येत नाही.

दुसरी अडचण भूमितीची आहे. धार लावताना वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड बाजू, आणि कड एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणून कोन हाताने सांभाळावा लागत नाही. माझ्या पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर आहे. त्यावरून धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो. चकाकीच्या हौसेने पाठच घासली, तर हा कोन लहान होऊन कड दुबळी होते. पाठ आणि कड दोन्ही बरोबरीने झिजली तर मात्र कोन जवळपास तोच राहतो, हे मला या हत्याराचे खरे शहाणपण वाटते.

मग १०००, ४००० आणि ८००० दाण्यांच्या, म्हणजे एकापेक्षा एक बारीक, दगडांवर पाण्यासह हलक्या हाताने काम केले. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून फिरवले; कड पुढे गेली तर ती चामड्यातच रुतते. टोकाजवळचा गंजाचा एक खड्डा थेट कडेला भिडला होता, तिथे भिंगातून बारीक खाच दिसत राहिली. ती जाईपर्यंत कड मागे घासावी लागली, आणि त्यातच दोन रविवार गेले.