नव्याने उभा राहणारा संघ आणि महागडे खेळाडू

अमेरिकी बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षे एक समज फिरतो आहे : नव्याने बांधणी करणाऱ्या संघाने करारमुक्त महागड्या खेळाडूंकडे बघूच नये, आधी तरुण पोरं तयार होऊ द्यावीत, मग पैसा काढावा.

टेक्सस रेंजर्सचं उदाहरण बघा. २०२१ मध्ये हा संघ १०२ सामने हरला. त्याच हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगरला १० वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर आणि मार्कस सेमियनला ७ वर्षांसाठी १७.५ कोटी डॉलर देऊ केले. खूप जणांना हा वेडेपणा वाटला. पुढच्या वर्षीही ९४ पराभव झाले, तेव्हा टीकाकारांना जोरच चढला. आणि २०२३ मध्ये रेंजर्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता सीगर.

मुद्दा साधा आहे. असे खेळाडू दरवर्षी बाजारात येत नाहीत. करार करताना सीगर फक्त २७ वर्षांचा होता, म्हणजे तरुण पोरं तयार होईपर्यंत तो ऐन भरातच राहणार होता. शिकागो कब्जनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये पिचर (चेंडू फेकणारा) जॉन लेस्टरला घेतलं, तेही ८९ पराभवांनंतर. दोन वर्षांत विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला.

समजात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. आपल्या जुन्या संघाची ठरावीक रकमेची ऑफर नाकारून आलेला खेळाडू घेतला की ड्राफ्टमधली (नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतली) निवड गमवावी लागते, आणि पस्तिशीकडे झुकलेल्याला लांबलचक करार देणं खरंच घातक ठरतं. पण ते वयाचं आणि कराराच्या मुदतीचं गणित आहे. संघ गुणतक्त्यात कुठे आहे याचं नव्हे.