जाहिरातभेटीचे पेनड्राइव्ह

कंपनी, शिक्षणसंस्था किंवा परिषदेचे नाव व बोधचिन्ह छापून ग्राहकांना, प्रतिनिधींना अथवा पाहुण्यांना मोफत वाटण्यासाठी घाऊक प्रमाणात बनवून घेतलेले पेनड्राइव्ह. दिनदर्शिका, डायरी, पेन या जुन्या जाहिरातभेटींच्या पंक्तीत ते बसतात. मात्र डायरीचा कागद हाताला लगेच कळतो, पेनड्राइव्हचे तसे नाही. त्याचा कस आतल्या, न दिसणाऱ्या चिपवर ठरतो. खरेदी करणारे बहुधा कवचाचा रंग आणि छपाई पाहण्यातच वेळ घालवतात, आणि फसगत होते ती आत.

पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीचा (वीज नसतानाही मजकूर टिकवणाऱ्या चिपेचा) शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्सने घडवलेला व आयबीएमने विकलेला ८ मेगाबाइटचा ड्राइव्ह बाजारात आले. फ्लॉपीत तेव्हा १.४४ मेगाबाइट मावत. पुढे किमती उतरत गेल्या, तशी ही वस्तू फुकट वाटण्याजोगी झाली आणि परिषदांतील शोधनिबंधांचे जाडजूड छापील संग्रह, कंपन्यांचे कॅटलॉग तिच्यात सामावू लागले.

प्रत्येक ड्राइव्हमध्ये साठवणुकीची नँड चिप (फ्लॅश स्मृतीचा एक प्रकार) आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. जागा किती आहे हे संगणकाला कंट्रोलरच सांगतो, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. बनावट मालाची सारी करामत इथे आहे : ८ जीबीच्या चिपवरील कंट्रोलरला ६४ जीबी सांगायला लावले जाते. फाइली ‘कॉपी झाल्या’ असे दिसते. पण खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर हरवतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. ड्राइव्ह काठोकाठ भरून सगळा मजकूर परत वाचून पाहणे, हीच खात्रीची तपासणी. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही साधने मोफत मिळतात. ८ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ७.४५ जीबी दिसतो, ही मात्र फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या.

दुसरा धोका कमी प्रतीच्या चिपांचा. कारखान्याच्या चाचणीत नापास झालेल्या किंवा जुन्या उपकरणांतून काढलेल्या चिपाही चालतात, पण किती दिवस, हे सांगता येत नाही. म्हणून ‘नव्या, अव्वल प्रतीच्या चिपा’ ही अट खरेदीपत्रात लिहून घ्यावी आणि नमुना प्रत्यक्ष येणाऱ्या मालातून आपण स्वतः निवडावा. विक्रेत्याने आधी दाखवलेल्या नमुन्यावरून मालाची पारख होत नाही. चिपांचे बाजारभाव सतत हलत असल्याने भावपत्रकाची मुदत सहसा थोडी असते.

कवच धातूचे, लाकडी, प्लास्टिकचे किंवा कार्डासारखे चपटे असते. छपाई स्क्रीन (जाळीतून शाई उतरवण्याच्या) किंवा पॅड (मऊ ठशाने शाई उमटवण्याच्या) पद्धतीने होते, धातूवर व लाकडावर लेझरने कोरतात. कोरलेले नाव घासून जात नाही. हवा तसा खास आकार हवा असेल तर साचा करावा लागतो. त्यासाठी मोठी मागणी आणि जादा वेळ लागतो.

ड्राइव्हमध्ये माहितीपत्रके, चित्रफिती आधीच भरून देता येतात. पूर्वी ड्राइव्ह जोडताच जाहिरात आपोआप सुरू होई. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांतही ती बंद करणारी सुधारणा आली. काही जण आजही ड्राइव्हचा एक भाग पुसता न येणारा करून घेतात. तो मोह टाळलेला बरा, कारण घेणाऱ्याला मोल असते ते मोकळ्या जागेचे.

सुरक्षेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तैवानच्या राष्ट्राध्यक्ष कार्यालयाने भरवलेल्या माहितीसुरक्षेच्या कार्यक्रमात पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाने प्रश्नमंजूषेच्या विजेत्यांना २५० ड्राइव्ह वाटले. त्यांपैकी ५४ मध्ये घातक प्रोग्रॅम निघाला. तो पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याच्या संगणकातून शिरला होता. म्हणजे देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी मजकूर भरणारा संगणक स्वच्छ नसेल तर भेटीतून संसर्ग जातो आणि बदनामी कवचावरच्या नावाची होते. मजकूर भरण्याचे काम इंटरनेटपासून तोडलेल्या, तपासलेल्या संगणकावर करून घ्यावे. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवले : कंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलला की ड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून संगणकाला हुकूम देऊ शकतो. साध्या व्हायरस-तपासणीत हे सापडत नाही.

अशा घटनांमुळे अनेक कार्यालयांनी बाहेरचे पेनड्राइव्ह जोडण्यास बंदी केली आहे. शिवाय नव्या फोनांत व बऱ्याच लॅपटॉपांत फक्त टाइप-सी जोडणी असते, तिथे टाइप-सीचा किंवा जुनी व नवी अशा दोन्ही जोडण्या असलेला दोन तोंडांचा ड्राइव्ह उपयोगी पडतो. म्हणून किती जीबी, कोणता रंग हे ठरवण्याआधी, घेणाऱ्यांच्या संगणकांना कोणती जोडणी आहे आणि त्यांना ड्राइव्ह जोडण्याची परवानगी तरी आहे का, हे विचारून घ्यावे लागते.