कुंपण आणि शिक्का

‘बेकायदा स्थलांतरित म्हणजे रात्री कुंपण ओलांडून आलेला माणूस’ हा समज अमेरिकेबाबत वर्षानुवर्षे फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. अनेकजण विमानाने, पासपोर्टवर रीतसर शिक्का घेऊन येतात आणि मुदत संपल्यावर परत जात नाहीत. मुदत ठरते ती व्हिसावरच्या तारखेने नव्हे, तर विमानतळावरचा अधिकारी जी तारीख नोंदवतो तिने. (इथे भलेभले फसतात!) तिथल्या सरकारी अहवालानुसार २०१९च्या आर्थिक वर्षात सुमारे ६ लाख ७६ हजार जणांनी मुदत ओलांडली, काही उशिरा का होईना परतले. मेक्सिकोलगतच्या सुमारे ३,१०० किलोमीटरवर सलग भिंत उभारली, तरी यातला एकही अडला नसता.