अध्यापनशास्त्रीय आशयज्ञान

अध्यापनशास्त्रीय आशयज्ञान : (विज्ञान शिक्षक-प्रशिक्षण). एखादा विशिष्ट घटक विशिष्ट वयाच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने शिकवण्यासाठी शिक्षकापाशी असावे लागणारे ज्ञान. त्यात त्या घटकासाठी उपयोगी पडणारी उदाहरणे, प्रयोग, आकृत्या व उपमा येतात. तसेच विद्यार्थी नेमके कोठे अडतात आणि का अडतात, याची जाणही येते. ही संज्ञा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी रूढ केली. १९८५ मध्ये अमेरिकन शैक्षणिक संशोधन संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या आणि १९८६ मध्ये छापलेल्या भाषणात त्यांनी असे दाखवून दिले, की अध्यापनावरील तत्कालीन संशोधनातून विषयाचा आशयच हरवला होता. वर्गनियंत्रण, प्रश्न विचारण्याची पद्धत, वेळेचे नियोजन यांचा अभ्यास होई. परंतु शिक्षक स्पष्टीकरण कोठून आणतो आणि चुकीच्या समजुतीला कसा सामोरा जातो, याकडे फारसे कोणी पाहत नसे. १९८७ मध्ये त्यांनी शिक्षकाच्या ज्ञानाचे सात प्रकार सांगितले व त्यांत या ज्ञानाला खास शिक्षकी पेशाचे ज्ञान मानले.

विज्ञानाच्या बाबतीत या कल्पनेला विशेष वजन आहे. मूल वर्गात येते तेव्हा त्याच्यापाशी निसर्गाविषयीची स्वतःची स्पष्टीकरणे तयार असतात. इंग्लंडमध्ये रोझलिंड ड्रायव्हर आणि न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी अशा समजुतींचा बारकाईने अभ्यास केला. वीज दिव्यात ‘खर्च’ होते, वनस्पती आपले अन्न मातीतून घेतात, जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते, या त्यांपैकी काही. पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ झाल्याने त्या पुसल्या जात नाहीत. परीक्षेपुरत्या बाजूला सरतात आणि नंतर परत येतात. त्या पदवीधरांतही टिकून असतात, आणि उद्याचे विज्ञान शिक्षक याच पदवीधरांतून येतात. म्हणून भावी शिक्षकाला प्रथम स्वतःच्या आकलनातील भेग दिसली पाहिजे, हा या दृष्टिकोनाचा गाभा होय.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील भौतिकीच्या प्राध्यापक लिलियन मॅकडरमॉट यांनी हाच धागा धरून काम केले. सर्वसाधारण पदवी वर्गातील व्याख्याने शिक्षकाच्या गरजेला पुरत नाहीत, भावी शिक्षकांसाठी विज्ञानाचे स्वतंत्र अभ्यासक्रमच हवेत, असे त्यांनी १९९० मध्ये आग्रहाने मांडले. अशा अभ्यासक्रमातील एक तास जवळून पाहण्यासारखा असतो. छात्राध्यापकांच्या हाती एक विद्युतघट, विजेरीचा छोटा दिवा आणि तारेचा एकच तुकडा दिला जातो व दिवा लावून दाखवण्यास सांगितले जाते. ओहमच्या नियमावरील उदाहरणे सहज सोडवणारे अनेक जण येथे अडखळतात. ते घटाच्या एका टोकाशी तार धरतात आणि तिचे दुसरे टोक दिव्याच्या बुडाला लावून वाट पाहतात. दिव्याला संपर्काची दोन ठिकाणे असतात, एक बुडाशी आणि दुसरे बाजूच्या धातूच्या आवरणावर, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. विद्युतमंडल (विजेचा बंद मार्ग) पूर्ण झाले आणि दिवा लागला, की पुढचा प्रश्न येतो : दोन सारखे दिवे एकसर जोडणीत लावले, तर पहिला अधिक प्रखर दिसेल की दोन्ही सारखे? उत्तर आधी लिहून द्यायचे, मग जोडून पाहायचे. दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि ‘पहिल्या दिव्यात वीज थोडी संपते’ हे अनेकांनी लिहिलेले कारण डोळ्यांसमोर कोसळते. या क्षणी प्रशिक्षकाने खुलासा करण्याची घाई करू नये. आपलीच समजूत कशी तुटली आणि पुन्हा कशी जुळली, याचा हा अनुभव छात्राध्यापकाला पुढे वर्गातील मुलाचे उत्तर ऐकताना उपयोगी पडतो. तो सांगून देता येत नाही.

प्रशिक्षणापुढील दुसरी अडचण सवयीची आहे. भावी शिक्षकाने विद्यार्थी म्हणून हजारो तास अध्यापन पाहिलेले असते. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून घडलेली उमेदवारी म्हटले. बाकावरून शिक्षकाची कृती दिसते, तिच्यामागचा विचार दिसत नाही. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाचे जॉन लॉफ्रन यांनी असा आग्रह धरला, की प्रशिक्षकाने आपले निर्णय शिकवता शिकवता उघड बोलून दाखवावेत : हा प्रश्न आत्ताच का विचारला, ठरवलेला प्रयोग का सोडला, या उत्तरावर का थांबलो. चर्चा-पद्धतीची महती व्याख्यानातून सांगणारा प्रशिक्षक प्रत्यक्षात व्याख्यानच शिकवत असतो.

लॉफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला आशय-मांडणी तक्ता पाठ टाचणापेक्षा वेगळा आहे. टाचणात शिक्षक काय करणार हे येते; या तक्त्यात घटकातील मोजक्या मोठ्या कल्पना वरच्या ओळीत लिहून प्रत्येकीखाली प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. ही कल्पना मुलांना कशासाठी कळायला हवी? ती शिकवताना कोणत्या अडचणी येतात? मुलांना समजले की नाही, हे कसे ओळखणार? त्यांतील एक प्रश्न सर्वांत कसदार आहे : या कल्पनेविषयी तुम्हाला आणखी काय माहीत आहे, जे मुलांना इतक्यात सांगायचे नाही? ‘पदार्थाच्या कणांमध्ये रिकामी जागा असते’ ही कल्पना घेतली, तर अणूची अंतर्रचना कोठे थांबवायची, याचा विचार छात्राध्यापकाला करावाच लागतो. विषयाचे सखोल ज्ञान नसेल तर काय वगळायचे हेही ठरवता येत नाही.

सराव पाठांचे स्वरूपही यामुळे बदलते. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या सूक्ष्म अध्यापनात पाच ते दहा मिनिटांच्या पाठात एकेका कौशल्याचा सराव होतो. त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मात्र आशयापासून तोडलेले प्रश्न-कौशल्य विज्ञानाच्या वर्गात लवकर पोकळ होते. प्रस्तुत दृष्टिकोनात पाठाचे निरीक्षण करणारा मुलांची उत्तरे शब्दशः टिपतो आणि पाठानंतरची चर्चा फळ्यावरील अक्षराऐवजी त्या उत्तरांपासून सुरू होते.

१९९९ मध्ये मॅग्नुसन, क्रायचिक व बोर्को यांनी विज्ञानापुरती या ज्ञानाची पाच अंगे मांडली. २०१२ आणि २०१६ मधील संशोधक-परिषदांनंतर व्यवसायाचे सामूहिक, शिक्षकाचे वैयक्तिक आणि प्रत्यक्ष अध्यापनात उतरणारे अशी त्याची तीन क्षेत्रे मानली जाऊ लागली. हे ज्ञान बरेचसे अव्यक्त असल्याने लेखी परीक्षेत मोजणे कठीण जाते. शिवाय ते घटकागणिक नव्याने कमवावे लागते : विद्युतमंडल उत्तम शिकवणारा शिक्षक प्रकाशसंश्लेषणापाशी पुन्हा नवखा असू शकतो. प्रशिक्षणाच्या मर्यादित काळात सर्व घटक घेणे अशक्य असल्यामुळे प्रशिक्षक तीन-चार घटक निवडून त्यांत खोल उतरतो आणि उरलेल्या घटकांसाठी छात्राध्यापकाला मुलांच्या समजुती स्वतः शोधून काढण्याची रीत देतो.