‘पाकिटातलं उत्तरच चुकलं’ असं वाटलं, तर आधी हे वाचा

गुन्हेशोधाचा खेळ नेलेल्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते: “शेवटी पाकीट उघडलं तर उत्तर जुळेना, संच बदलून द्या.” आम्ही बदलून देतो, पण आधी कार्डं मोजायला सांगतो, आणि त्याचा काहींना राग येतो.

संचात २१ कार्डं आहेत: ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या. १९४९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या क्लूडो या गुन्हेशोधाच्या खेळाचीही हीच मांडणी. तिन्ही गठ्ठ्यांतलं एकेक कार्ड पाकिटात घालायचं, मगच उरलेली १८ एकत्र पिसून वाटायची, आणि पाकिटातली तीन कोणती हे एकमेकांना विचारून ओळखायचं. मोजून २१ भरली आणि पाकिटात तिन्ही प्रकारांचं एकेक कार्ड असलं, तर संच निर्दोष आहे. मग चूक बहुतेक वेळा कुणाच्या तरी ‘नाही’मध्ये असते.

विचारलेल्या तिनांपैकी एखादं कार्ड हातात असलं तर ते दाखवायचं, नसलं तर ‘नाही’ म्हणायचं. एकजण विचारतो, “माळी, दोरी, स्वयंपाकघर?” डावीकडचा घाईत कार्डं चाळून “नाही” म्हणतो, आणि दोरी त्याच्याच हातात दुसऱ्या कार्डामागे दडलेली असते. मुद्दाम कुणी करत नाही, गप्पांच्या नादात होतं. पण त्या ‘नाही’वर बाकीचे पुढचा सगळा तर्क रचतात आणि अख्खा डाव वाया जातो. म्हणून विचारणाऱ्याने तिन्ही नावं सावकाश दोनदा उच्चारावीत, आणि उत्तर देणाऱ्याने प्रत्येक नाव हातातल्या कार्डांशी ताडून मगच बोलावं.

एवढा आग्रह का? कारण पाकिटात काय असेल याच्या शक्यता ३२४ (६ × ६ × ९) असतात, आणि त्या सर्वांत वेगाने गाळतं ते ‘नाही’च. नवखे खेळाडू फक्त स्वतः पाहिलेलं कार्ड टिपतात. आमच्या नोंदीच्या तक्त्यात प्रत्येक कार्डाची एक ओळ आणि प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र रकाना आहे. तो पहिल्यांदा किचकट वाटतो हे खरं, पण आम्ही तो विचार करूनच ठेवला आहे. कुणी ‘नाही’ म्हटलं की त्याच्या रकान्यात त्या तीन नावांपुढे फुल्या मारा. कुणी दुसऱ्याला कार्ड दाखवलं, तर तुम्हाला ते दिसलं नाही तरी दाखवणाऱ्याच्या रकान्यात तिन्ही नावांपुढे बारीक १ लिहा, पुढच्या वेळी २. पुढे त्या तिनांपैकी दोन ठिकाणी फुली पडली की तिसरं कार्ड त्याच्याकडे आहेच. आणि एखाद्या ओळीत तुमच्यासकट सगळ्यांच्या रकान्यांत फुली आली, तर ते कार्ड पाकिटात आहे, कुणीही काही न दाखवता कळलेलं!

रकान्याच्या डोक्यावर प्रत्येकाच्या कार्डांची संख्याही लिहा. चौघांत १८ कार्डं सारखी वाटली जात नाहीत, दोघांना ५ आणि दोघांना ४ येतात. एखाद्याची चारही कळली की त्याच्या बाकी सगळ्या चौकटींत फुली.

अंतिम आरोप, म्हणजे पाकिटातली तीन कार्डं कोणती हे सांगणं, चुकलेल्याने मात्र कार्डं घेऊन उठून जाऊ नये. त्याची पाळी संपली तरी विचारणाऱ्याला कार्ड दाखवायला तो हवाच.

तक्त्यांची वही आम्ही सुटीही देतो. याच मांडणीच्या दुसऱ्या संचालाही ती चालते. पुसून पुन्हा वापरता येणारे तक्ते हवे असतील तर तेही आहेत.

मोजणीत कार्ड खरंच कमी भरलं, तर कळवा. आम्ही एकटं कार्ड पाठवत नाही, कारण वापरलेल्या गठ्ठ्यात नवं कोरं कार्ड पाठीवरूनच ओळखू येतं आणि खेळातली मजा जाते. त्यामुळे २१ कार्डांचा पूर्ण गठ्ठा बदलून देतो, आणि म्हणूनच आधी मोजायला सांगतो.